ढिगाखालचा ओरिन

हल्डा क्रेन छापखान्याच्या दारात उभी होती. अंगावर शाल नव्हती. हात कोपरापर्यंत ओले होते.

"कझाया, चल. आत्ताच्या आत्ता चल."

"अगं, झालं काय?"

"ओरिनला आंघोळ घालायचीय. उद्या रात्रीच्या गाडीनं त्याचा बाप न्यायला येतोय, त्याच्यासमोर पोर चिखलात कसं ठेवू? पण मला… मला त्याचे हात सरळ करता येईनात."

कझाया लॅथ्रॉपने हातातले छपाईच्या अक्षरांचे खिळे पेटीत टाकले. नवऱ्यामागे 'एल्डनबरो साप्ताहिक' ती एकटीच चालवत होती. आजच्या झुंजीची बातमी ती जुळवायला बसली होती. 'कॉलेजची वार्षिक झुंज मोठ्या उत्साहात' एवढं शीर्षक जुळलं, आणि मैदानावर पोरगा मेल्याची खबर आली. तिने ती ओळ मोडली आणि टोपी घालून हल्डामागोमाग निघाली.

दर ऑक्टोबरात कॉलेजच्या मैदानावर ही झुंज व्हायची. पहिल्या वर्षाची पोरं एकीकडे, दुसऱ्या वर्षाची दुसरीकडे, मध्ये एक काठी. ज्यांचे जास्त हात काठीवर, ते जिंकले. आदल्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्यांनी पहिल्या वर्षाचा एखादा पोरगा पकडायचा, त्याला रात्रभर लपवून ठेवायचं आणि झुंजीच्या वेळी घोंगडीत गुंडाळून खांद्यावरून मैदानात आणायचं, हा त्यातला गमतीचा भाग. त्याला सोडवायला पहिल्या वर्षाची पोरं तुटून पडत आणि तिथूनच मारामारीला तोंड फुटे. सारा गाव बघायला जाई. बायका केकचे डबे घेऊन जात, रुमाल हलवत.

या वर्षी घोंगडीत ओरिन वेल्ड होता. पोरांचा ढीग उपसला तेव्हा तो मेलेला निघाला.

तो राहायचा त्या हल्डाच्या खाणावळीत, मागच्या खोलीत तो टेबलावर उताणा होता. मनगटं छातीवर एकमेकांवर आडवी.

"दोरी कुठंय?" कझायाने विचारलं.

"मैदानावरच कापली म्हणे. डॉक्टर ऑर्डवेंनी."

दोरी नव्हती, तरी हात बांधल्यासारखेच होते. कझायाने कोपर धरून खाली ओढलं. हललं नाही. गुडघा वाकवून पाहिला. तोही नाही. जबडा तर दगडच.

कझायाने नवऱ्याला आंघोळ घातली होती, दोन लेकरांना घातली होती, आणि गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांना. मेलेलं माणूस कसं आणि किती वेळाने आखडत जातं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं.

"हल्डा, झुंज सुटून किती वेळ झाला?"

"झुंज सुटली तेव्हा माझा पाव भट्टीत होता. तो अजून गरम आहे बघ."

कझायाने फडका पिळला आणि छाती पुसायला घेतली. डॉक्टर ऑर्डवेंनी मैदानावरच सांगितलं होतं, फासळ्यांचा चुरा झालाय. तिने एकेक फासळी बोटांनी चाचपली. खालून वर, वरून खाली. सगळ्या जागेवर होत्या. छातीवर साधा काळानिळा डागसुद्धा नव्हता.

"कूस वळव त्याची."

दोघींनी मिळून त्याला कुशीवर केलं. हल्डाने तोंडावर हात दाबला.

पाठ जांभळी पडली होती. मानेपासून टाचांपर्यंत. त्या जांभळ्यात मधूनमधून पांढरे आडवे पट्टे होते, एकसारख्या अंतरावर, पट्टी ठेवून आखावेत तसे.

"हे काय गं?"

"रक्त," कझाया म्हणाली. "मेल्यावर रक्त खाली उतरतं. जिथे अंग टेकलेलं असतं तिथे उतरत नाही. तिथे पांढरं राहतं."

केस धुताना पाण्यावर लाकडाचा भुसा तरंगला. मैदानावर चिखल होता. भुशाचा कण नव्हता. शेवटी तिने त्याचे ओठ पुसले. पुढच्या दातांच्या फटीत लाल लोकरीचे धागे अडकले होते. तिने ते पिनेने काढून रुमालात बांधले.

"हल्डा, त्याच्या तोंडाला कुणी मफलर बांधला होता का?"

"मैदानावर? नाही बाई. उघडंच होतं तोंड. चिखलानं भरलेलं."

कझायाने बादली उचलली. त्या पाण्याकडे बघून तिने तोंड फिरवलं. आयुष्यात तिला मेलेल्या माणसाची किळस कधी आली नव्हती. ही किळस दुसऱ्याच कशाची तरी होती.

*

सकाळी ती नगरभवनात गेली. शेरीफने एमिल यांडाला तिथल्या मागच्या खोलीत अडकवून ठेवलं होतं. एमिल ओरिनच्याच खोलीत राहायचा. बोहेमियाहून आलेल्या शेतकऱ्याचा मुलगा, हाडापेराने दणकट. ढिगात सगळ्यात आधी त्याने उडी घेतली होती.

"डॉक्टरांनी पाहिलं म्हणे," शेरीफ खांदे उडवत म्हणाला. "या बोहेमियनचा गुडघा त्याच्या छातीवर होता. आज दुपारी पंचांसमोर चौकशी. मग पुढचं पुढं."

एमिलचे डोळे सुजले होते.

"बाई, मीच मारलं त्याला," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्याखाली काहीतरी कडक लागलं होतं. मला वाटलं, काठी आहे."

"तू उडी मारलीस तेव्हा तो कसा पडला होता?"

"पालथा. घोंगडी तोंडावरून सरकलेली, तोंड चिखलात. वरची पोरं उठल्यावर मीच त्याला उलटा केला."

"पालथा? नीट आठव."

"आठवायचं कशाला? डोळ्यांपुढून जात नाही. मी हाका मारत होतो, ओरिन, धर, हात दे. त्यानं दिला नाही."

"त्याच्याजवळ आधी कोण पोचलं? ढीग उठल्यावर?"

"डॉक्टर. लगेच. आमच्या शेजारीच उभे होते. घोंगडी काढून घेतली, दोरी कापली, नाडी पाहिली आणि म्हणाले, 'आत्ताच गेला. अजून गरम आहे.'"

"तुला लागला का गरम?"

एमिलने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "माझे हात बधिर होते बाई. मला काहीच कळत नव्हतं."

"ओरिनला पकडलं कुणी?"

"पर्सी ऑर्डवेनं. दुसऱ्या वर्षाचा म्होरक्या. डॉक्टरांचाच मुलगा. परवा संध्याकाळी आमच्या दारातून उचलला. ओरिन हसत होता. म्हणाला, 'माझ्यासाठी पुडिंग ठेव.'"

*

चॅन्सी बूथ कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खात होता. घोंगडी वाहणाऱ्यांपैकी तो एक. दुसऱ्या वर्षाचा, गुबगुबीत, बोलघेवडा.

"साप्ताहिकात नाव येणार का माझं?" त्याने विचारलं.

"येईल की. मला सांग, ओरिनला कुठं ठेवला होता?"

"ते गुपित असतं बाई. पण आता काय… तळ्याकाठच्या बर्फघरात."

"तूही होतास?"

"होतो तर. बांधला, आणि आम्ही सगळे हॉटेलात गेलो. कालवांचं जेवण होतं. पर्सी म्हणाला, ओरडेल तो, म्हणून त्याचं तोंड त्यानं बंद केलं. जेवण झाल्यावर मी जाऊन बघतो म्हणाला."

"गेला?"

चॅन्सी हसला. "तो खुर्चीतच घोरायला लागला हो! त्याला उचलून घरी न्यावं लागलं."

"मग काल ओरिनला बाहेर कुणी काढलं?"

"डॉक्टरांनी. सकाळी तेच गेले होते बर्फघरात. आम्ही पोचलो तेव्हा गाठोडं तयार. म्हणाले, 'पोरगा रागावलाय, बोलत नाहीये. तोंड झाकलेलंच राहू द्या, मैदानावर मजा येईल.' खूप चांगले आहेत डॉक्टर."

"आणि तुम्ही उचललात."

"चौघांनी. काय हट्टी होता पण! लाकडासारखा ताठ. मी त्याला गुदगुल्या केल्या, तरी हलला नाही. मी म्हटलं, थांब बेट्या, मैदानावर बघतो…"

त्याने शेंगदाणा तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. कझायाच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे.

"बाई? काय झालं?"

"काही नाही. दुपारी नगरभवनात ये. हे असंच, शब्दन् शब्द सांग."

तिथून ती तळ्याकाठी गेली. बर्फघर जवळजवळ रिकामं होतं. उन्हाळ्याने बर्फ खाल्ला होता. कडेला बर्फ झाकायच्या भुशाचे ढीग, आणि मधली जमीन उघडी पडली होती. तिच्यावर पाणी निथळावं म्हणून फटी ठेवून आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. कझायाने एका पट्टीवर हात ठेवला. ओली, गार. तिला त्या जांभळ्या पाठीवरचे पांढरे पट्टे आठवले. ती बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. तळ्यापलीकडे कॉलेजची प्रार्थनेची घंटा वाजत होती.

मग तिने तारघरात जाऊन शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना तार केली.

*

दुपारी नगरभवन गच्च भरलं. पंच म्हणून गावचेच दुकानदार बसले होते. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर टोबायस फॅरो एरवी खुर्च्या, पलंग आणि शवपेट्या विकायचा. वैद्यकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं; डॉक्टर ऑर्डवे सांगतील ती पूर्व.

डॉक्टर ऑर्डवे उंच, पांढऱ्या दाढीचे, आवाज मऊ. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली होती. त्यांनी शपथ घेतली आणि सांगितलं, "फार दुःखद अपघात. फासळ्या मोडून हृदयावर दाब आला. यांडाला मी गुन्हेगार म्हणणार नाही. ही माणसं जरा रांगडी असतात, एवढंच."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे टिपले. एमिलने मान खाली घातली.

कझाया उठली.

"मिस्टर फॅरो, मला दोन-चार प्रश्न विचारायचेत."

"वर्तमानपत्रासाठी का?" फॅरो त्रासून म्हणाला.

"नाही. त्या पोराला आंघोळ मी घातलीय, म्हणून."

डॉक्टर हसले. "विचारू द्या बाईसाहेबांना."

"डॉक्टर, तुम्ही पोचलात तेव्हा ओरिन गरम होता?"

"भट्टीतल्या पावासारखा."

"अंग सैल होतं?"

"अर्थात. नुकताच गेला होता."

"मग संध्याकाळी, भट्टीतला पाव निवायच्या आत, मला आणि हल्डाला त्याचं कोपर का हलवता आलं नाही?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "याला वैद्यकात उत्तर आहे. भयंकर श्रमात मरण आलं तर स्नायू फार लवकर आखडतात. रणांगणावर मी स्वतः पाहिलंय."

पंचांनी माना डोलावल्या.

"श्रमात," कझाया म्हणाली. "पण तो तर हातपाय बांधून घोंगडीत होता. त्यानं श्रम कसले केले? चॅन्सी बूथ, उभा राहा. तुम्ही त्याला उचललंत तेव्हा तो कसा होता?"

चॅन्सीचा गुबगुबीत चेहरा पांढराफटक पडला होता. सकाळपासून त्याने विचार केला होता, हे दिसत होतं.

"ताठ," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"ताठ होता. लाकडासारखा. झुंजीच्या आधीपासून."

सभागृहात कुजबूज उठली. फॅरोने टेबलावर हात आपटला.

"आता पाठ," कझाया म्हणाली. "एमिल, तो पालथा सापडला ना? आणि तेव्हापासून टेबलावर उताणा होता म्हणाल, तर तेवढ्यात पाठ अशी जांभळी होत नाही, आणि टेबल सपाट होतं. त्याच्या पाठीवर आडवे पांढरे पट्टे आहेत. तसल्या पट्ट्या या गावात एकाच ठिकाणी आहेत. बर्फघराच्या जमिनीवर. तो तिथे उताणा पडून मेला, आणि मेल्यावर रात्रभर तसाच पडून राहिला. केसांत भुसा तिथलाच."

"हा सगळा बायकी तर्क आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मोडलेल्या फासळ्यांचं काय?"

"तेच विचारणार होते."

मागच्या बाजूने शेजारच्या गावचे म्हातारे डॉक्टर पुढे आले. ते दुपारच्या गाडीने उतरून सरळ हल्डाकडे गेले होते.

"एकही फासळी मोडलेली नाही," ते म्हणाले. "जीव गुदमरून गेलाय. आणि झुंजीच्या कितीतरी आधी. लॅथ्रॉपबाईंचं बरोबर आहे." ते ऑर्डवेंकडे वळले. "लेम्युएल, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचीसुद्धा अशी चूक होत नाही रे."

ऑर्डवेंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

कझायाने रुमाल सोडला आणि लाल धागे टेबलावर ठेवले.

"हे त्याच्या दातांत होते. त्याच्या तोंडात लाल लोकर कोंबली होती, आणि त्यानं ती चावून तोडायचा प्रयत्न केला. मैदानावर ती नव्हती. म्हणजे कुणीतरी ती आधी काढली. पर्सी, तुझा लाल मफलर कुठंय?"

पर्सी ऑर्डवे खिडकीजवळ बसला होता. त्याच्या शेजारी त्याची आई होती. मफलर तिनेच विणला होता, साऱ्या गावाने तो पर्सीच्या गळ्यात पाहिला होता. तिने मुलाच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं.

"हरवला," पर्सी म्हणाला.

"कधी?"

"माहीत नाही."

"परवा हॉटेलात कालवं खाताना गळ्यात होता?"

त्याने कॉलर वर ओढली.

"मग मी सांगते," कझाया म्हणाली. "तू ओरिनचं तोंड मफलरनं बांधलंस आणि जेवायला गेलास. परत जाऊन सोडणार होतास, पण पिऊन झोपलास. सकाळी जाग आल्यावर बर्फघरात धावलास. तो गार पडला होता. तू बापाकडे गेलास. इथवर पोराचा मूर्खपणा होता. भयंकर, पण मूर्खपणा. पुढचं पोराच्या डोक्यातून आलेलं नाही."

ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही गेलात. मफलर काढलात. प्रेत घोंगडीत बांधलंत, कारण काल घोंगडीतला पोरगा बघून कुणालाच नवल वाटणार नव्हतं. चार पोरांना सांगितलंत, तो रागावलाय. त्यांनी मेलेल्या मित्राला गुदगुल्या करत मैदानावर आणला. आपल्या साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. मग शंभर पोरं त्याच्यावर पडायची वाट बघत तुम्ही शेजारीच उभे राहिलात, त्याला दुसऱ्या कुणी आधी हात लावू नये म्हणून. आणि ढीग उठल्यावर त्यातल्या ज्याचा बाप सगळ्यात परका, त्याच्याकडे बोट दाखवलंत."

"पुरे!" डॉक्टर गरजले. तो मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "मी काय केलं? मी कुणाला मारलं? मेलेल्याला काय फरक पडणार होता? मारलं यानं!" त्यांचं बोट खिडकीकडे गेलं. "या नालायकानं! मी फक्त कॉलेजचं नाव वाचवत होतो. न्या, याला न्या. मला कशाला मध्ये ओढता?"

पर्सी बापाच्या बोटाकडे बघत होता. मग तो उठला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "बाबा, मी सगळं कबूल करतो म्हणालो होतो. काल सकाळीच म्हणालो होतो. तुम्हीच म्हणालात, मैदानावर जा आणि हस."

त्याची आई उठून भिंतीशी गेली. नवरा आणि मुलगा, दोघांकडेही पाठ करून उभी राहिली.

फॅरोने शेरीफला खूण केली. शेरीफने आधी मुलाचा दंड धरला, मग जरा घुटमळून बापाचा. जाताना डॉक्टरांनी सवयीने टोपीला हात लावून बायकांना अभिवादन केलं. पहिल्या रांगेतली एक बाई अजूनही मान हलवून हसली. दुसरीने तिला कोपर मारलं.

कॉलेजचे अध्यक्ष दारात कझायाला भेटले. "बाई, फार धीराचं काम केलंत," ते घाईने म्हणाले. "पण छापताना जरा जपून. झुंजीची परंपरा मोठी आहे. पुढच्या वर्षी आपण ती नीट देखरेखीखाली…"

"पुढच्या वर्षी?" कझाया म्हणाली.

"म्हणजे, घोंगडीशिवाय."

त्यांनी हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं, स्वच्छ, नखं कापलेला, आणि आपले दोन्ही हात शालीखाली घेतले.

बाहेर पायऱ्यांपलीकडे गवतावर एमिल एकटा उभा होता. त्याला सोडलं होतं, पण कुठं जायचं ते त्याला समजत नव्हतं.

"बाई, म्हणजे मी नाही मारलं त्याला?"

"नाही रे बाळा."

"मग मी हाका मारत होतो, हात दे म्हणत होतो, तेव्हा…"

"तेव्हा तो नव्हताच."

एमिलने मान हलवली. एकदा, दोनदा. मग त्याला कळलं. शंभर पोरं कशावर पडली होती, आपला गुडघा कशाला लागला होता. तो वाकला आणि गवतातच भडभडून ओकला. नगरभवनातून बाहेर पडणारी माणसं नाकाला रुमाल लावून बाजूने निघून गेली.

कझाया त्याच्याजवळ गेली. एका हाताने त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळत राहिली.

"ओक," ती म्हणाली. "ओक सगळं. या गावात आज निदान एकाला तरी ओकारी आली, हेच बरं झालं."